‘डेथ ऑन द नाइल’ फार संथ आहे, असं बरेच वाचक म्हणतात. तरी वाचावी का?

जरूर वाचा. तक्रार खरी आहे. अगाथा ख्रिस्तींच्या 1937 च्या या कादंबरीत पहिला खून व्हायला बराच वेळ लागतो. तोवर नुसती माणसं भेटत राहतात. पण माझ्या मते पुस्तकाचा खरा जीव तिथेच आहे. नवविवाहित लिनेट आणि सायमन जिथे जातील तिथे जॅकलिन हजर. सायमन आधी तिचा होता, लिनेट तिची जिवलग मैत्रीण. इजिप्तमधल्या अस्वानच्या हॉटेलबाहेर रात्री गुप्तहेर पॉयरो जॅकलिनला कळवळून सांगतो, मनात दुष्टपणाला थारा देऊ नकोस, अजून माघारी फीर. रहस्यकथेत इतकी दुखरी जागा क्वचितच सापडते. एकदा शेवट कळला की हाच प्रसंग पुन्हा वाचा, अंगावर काटा येतो.

इजिप्तचे लोक मात्र फेरीवाले आणि गाढववाली पोरं एवढेच दिसतात, हा आक्षेप मलाही पटतो. नाइल नदीतल्या बोटीवर पात्रंही खूप आहेत, सुरुवातीला नावं कागदावर लिहून ठेवा. आणि सिनेमा आधी अजिबात बघू नका!