नदीकाठच्या एसटीपीभोवती पूरसंरक्षक भिंत बांधताना काय पाहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २० एमएलडीचा (दिवसाला दोन कोटी लिटर) मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प (एसटीपी), तीन हेक्टर जागा, पुरात आवारात दोन मीटरपर्यंत पाणी. आहे तीच कंपाउंड वॉल उंच आणि जाड करून भागेल का?

नाही भागणार. कंपाउंड वॉल वाऱ्यापुरती असते. दोन मीटर पाणी आणि वर ०.९ मीटर फ्रीबोर्ड (पाण्याच्या वरची राखीव उंची) धरला की भिंत जवळपास तीन मीटरची होते. माथ्यापर्यंत पाणी धरून हिशोब केला तर दर धावत्या मीटरला साडेचार टन रेटा येतो. उंची चार मीटर केली तर तोच आठ टनांवर जातो आणि भिंत उलथवणारा जोर सुमारे २.४ पट होतो. म्हणजे आरसीसी कँटिलिव्हर भिंतच (रुंद पायातून उभी राहणारी लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची भिंत) हवी.

उंची ठरवताना जलसंपदा विभागाची लाल रेषा (१०० वर्षांतून एकदा येणारा पूर) घ्या. २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची खूण तिच्या वर असेल तर ती खूण धरा. निळ्या रेषेच्या (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आत भिंत जात असेल तर आधी परवानगीचं बघा. पात्र अरुंद झालं की समोरच्या काठावर पाणी चढतं.

पाया काळ्या मातीवर ठेवू नका. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, भिंतीचे तुकडे वरखाली होतात आणि सांध्यातला वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी) फाटतो. कातळ किंवा घट्ट मुरूम जवळ असेल तर पायाखालची पाझर अडवणारी भिंत तिथपर्यंत न्या. गाळवट वाळू असेल तर शीट पाइल (जमिनीत ठोकलेले, एकमेकांत अडकणारे पोलादी पत्रे) लागतात. पायाखालून पाझरणाऱ्या पाण्याची वाट किती लांब हवी हे सांगणाऱ्या लेनच्या नियमात पाझराची उभी वाट पूर्ण आणि आडवी एक तृतीयांश मोजतात, आणि बारीक वाळूला ही वाट पाण्याच्या उंचीच्या सातपट हवी. तीन मीटर पाण्याला २१ मीटर. दहा मीटर शीट पाइल उतरता-चढता २० आणि तीन मीटर रुंद पायाचा एक, असे २१ होतात. हा खर्च वाचवला तर भिंत उभी राहते आणि पाणी आतल्या बाजूने वाळू घेऊन उसळतं.

पण माझ्या मते भिंत हा सोपा भाग आहे. खरा घोळ भिंतीतून जाणाऱ्या पाइपांचा. निर्गम पाइपावर (शुद्ध पाणी नदीत सोडणारा) फक्त फ्लॅप व्हॉल्व (उलट्या पाण्याने आपोआप मिटणारं झाकण) लावू नका. एक फांदी अडकली की तो उघडा राहतो, म्हणून मागे स्लुइस गेट (वरखाली सरकणारा दरवाजा) हवंच. केबल ट्रेंच तर नकाशातही नसते, आणि पाणी तिथूनच थेट पॅनल रूममध्ये येतं. सर्वांत वाईट म्हणजे शहराकडून येणारी गटारवाहिनी. नदीकाठची मॅनहोलं बुडाली की पूर त्यांतून शिरतो आणि इनलेट चेंबरमधून (मैला प्रकल्पात येतो ती पहिली टाकी) भिंतीच्या आत ओसंडतो. ही मॅनहोलं पूरपातळीच्या वर उचला किंवा बोल्टची झाकणं बसवा. इनलेटलाही गेट लावा, पण ते बंद केलं की मैला सखल वस्तीत उलटा चढतो. हे गेट कोणत्या पातळीला, कोणाच्या हुकमाने बंद करायचं, हे लेखी हवं.

नदी वर असताना शुद्ध केलेलं पाणी उताराने बाहेर जाणार नाही. सरासरी २३२ लिटर प्रति सेकंद, कमाल प्रवाह त्याच्या दुपटीहून जास्त, तेवढे निर्गम पंप लागतात. भिंतीआतल्या पावसाचे पंप वेगळे: तीन हेक्टरवर तासाला ५० मिमी पडला आणि त्यातला ६० टक्के वाहिला, तरी २५० लिटर प्रति सेकंद. पंप, डीजी सेट (डिझेल जनरेटर), ट्रान्सफॉर्मर आणि पॅनल भिंत असूनही पूरपातळीच्या वरच ठेवा. अमेरिकेतल्या वॉरविकचा प्रकल्प बंधाऱ्याआड होता, तरी मार्च २०१० मध्ये पॉटक्सेट नदी त्यावरून आत आली. अशा वेळी आवाराचं वाडगं होतं आणि नदी उतरली तरी पाणी निघत नाही. म्हणून यंत्रांपासून दूर थोडी भिंत मुद्दाम बुटकी ठेवा, खाली काँक्रीटचा सांडवा करा आणि पाणी सोडायला एक गेट ठेवा.

टाक्यांचं विसरू नका. भिंतीच्या आत कोरडं असलं तरी जमिनीखालचं पाणी चढतंच. २० मीटर व्यासाची रिकामी टाकी घ्या. तळाच्या दीड मीटर वर भूजल आलं तर खालून ४७० टन रेटा. तीस सेंटिमीटर राफ्ट (तळाचा काँक्रीटचा थर) आणि साडेतीन मीटर भिंतींचं वजन मिळून ३७५ टनांच्या आसपास. टाकी उचलली जाते, पाइप तुटतात. पावसाळ्यात दुरुस्तीसाठी क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारी टाकी) रिकामा करू नका. करायचाच तर तळात प्रेशर रिलीफ व्हॉल्व (खालचा दाब वाढला की भूजल टाकीत घेणारे) असावेत आणि ते चालू आहेत याची खात्री करा.

वाहनाच्या दारासाठी स्टॉपलॉगपेक्षा (पुरात दाराच्या खाचेत एकावर एक बसवायच्या फळ्या) भिंतीवरून जाणारा रॅम्प बरा. जागा नसल्याने लॉगच वापरायचे असतील तर मे महिन्यात एकदा सगळे लावून बघा. खाचेत वाळू भरलेली असते, रबर उंदरांनी कुरतडलेलं असतं, आणि एखादा लॉग कोणीतरी गटारावर फळी म्हणून टाकलेला असतो.