ग्रुपमध्ये माझ्या वाट्याला फक्त यूज केस आले

प्रश्न: मॅडम, मी इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा चौघांचा प्रोजेक्ट ग्रंथालयाच्या सिस्टिमवर आहे. दोघं कोडिंग करतात, एक जण डेटाबेस बघतो आणि मला सांगितलं, "तुझी भाषा चांगली आहे, तू यूज केस लिही." म्हणजे वापरणारा सिस्टिमकडून एखादं काम कसं करून घेतो, ते पायरीपायरीने लिहायचं. लॉगिन, पुस्तक शोधणे, पुस्तक देणे, परत घेणे, आरक्षण, दंड असे १४ यूज केस मी लिहिले. सगळे एकसारखेच वाटतात. गाइड म्हणाले, फॉरमॅट बरोबर आहे. मला कोडिंग येतं, पण त्यात मन रमत नाही. लोकांशी बोलायला आणि लिहायला आवडतं. पण मुलाखतीत "मी डॉक्युमेंटेशन केलं" म्हटलं तर कोण नोकरी देणार? यात करिअर होतं का? एखादं सर्टिफिकेट घेऊ का? आरक्षणाचा यूज केस सोबत पाठवते आहे. — एक विद्यार्थिनी

उत्तर: तुझं पत्र वाचलं आणि सोबतचा यूज केस तर तीनदा वाचला. करिअरचं बोलायच्या आधी त्याच्याबद्दलच बोलते, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

तू लिहिलंस ते असं (यात अ‍ॅक्टर म्हणजे सिस्टिम वापरणारा आणि पर्यायी प्रवाह म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं घडलं तर काय करायचं ते): "अ‍ॅक्टर: वापरकर्ता. पूर्वअट: इंटरनेट असावं. १. वापरकर्ता लॉगिन करतो. २. 'रिझर्व्ह' बटणावर क्लिक करतो. ३. सिस्टिम डेटाबेसमध्ये एन्ट्री करते. ४. 'आरक्षण यशस्वी' असा मेसेज दिसतो. पर्यायी प्रवाह: इंटरनेट बंद असल्यास एरर मेसेज दाखवावा."

फॉरमॅट बरोबर आहे हे खरं. पण यातला 'रिझर्व्ह' शब्द काढून 'दंड भरा' घातलास, तर हाच तुझा दंडाचा यूज केस होईल. चौदाही एकसारखे वाटतात ते म्हणूनच. यात ग्रंथालय कुठेच नाही. पुस्तक नाही, रांग नाही, काउंटरवर बसलेला माणूस नाही. हे एका स्क्रीनचं वर्णन झालं, आणि ती स्क्रीन उद्या बदलली की तुझं लिखाण वाया जाईल.

आता सभासदाच्या जागी बसून बघ. त्याला "आरक्षण यशस्वी" हा मेसेज हवा आहे का? त्याला पुस्तक हातात हवं आहे. ते मिळेपर्यंत कदाचित तीन आठवडे जातील. मधल्या काळात दुसरा कुणीतरी ते पुस्तक परत आणून देईल. त्या क्षणी काय व्हायला हवं? मी लगेच तुझ्या यादीकडे पाहिलं. 'परत घेणे' हा यूज केस तू वेगळा लिहिला आहेस. पण आरक्षणाच्या यूज केसमध्ये त्याचा उल्लेखच नाही, तेव्हा परतीच्या यूज केसमध्येही आरक्षणाचा नसणार, अशी मला दाट शंका आहे. तसं असेल तर तुमच्या सिस्टिममध्ये परत आलेलं पुस्तक सरळ शेल्फवर जाणार, तिसराच सभासद ते उचलून नेणार आणि रांगेतला पहिला माणूस वाट बघत राहणार. तुमच्या दोन कोडिंगवाल्यांचा कोड कितीही चांगला असला तरी ही चूक त्यात राहणारच, कारण ती कोडच्या आधीची आहे. ती पकडण्याची जागा तुझ्याकडे आहे. ग्रुपने तुला उरलंसुरलं काम दिलं असं तुला वाटतंय, पण सिस्टिमने काय करायचं हे ठरवण्याचं काम तुझ्या हाती आलं आहे.

मी तुझ्या यूज केसचा कच्चा मसुदा असा केला असता. अ‍ॅक्टर: सभासद. पूर्वअट: सभासदाची ओळख पटलेली आहे. (लॉगिन इथे संपलं. 'लॉगिन' हे कुणाचंही उद्दिष्ट नसतं, त्याला चौदातली एक जागा द्यायची गरज नाही.) मग मुख्य प्रवाह:

१. सभासद हवं ते पुस्तक निवडतो.
२. सगळ्या प्रती बाहेर आहेत आणि रांगेत आधी किती जण आहेत, हे सिस्टिम सांगते.
३. सभासद आरक्षण मागतो.
४. सभासदत्व चालू आहे आणि आरक्षणाची मर्यादा ओलांडलेली नाही, याची सिस्टिम खात्री करते.
५. सिस्टिम त्याला रांगेत घेते आणि क्रमांक कळवते.

बघ, यात बटण नाही, डेटाबेस नाही. प्रत्येक ओळीत कुणीतरी काहीतरी करतं आणि काम एक पाऊल पुढे सरकतं. आणि आता खरी मेहनत सुरू होते. प्रत्येक पायरीपाशी थांबायचं आणि विचारायचं, इथे वेगळं काय होऊ शकतं? २अ: एक प्रत शेल्फवरच आहे. ४अ: सभासदत्वाची मुदत संपली आहे. ४ब: हेच पुस्तक त्याच सभासदाकडे आहे आणि त्याला ते आणखी काही दिवस हवं आहे, म्हणजे हे आरक्षण नसून मुदतवाढ आहे. आणि एक ओळ अशी, जी विद्यार्थ्यांच्या लिखाणात मला जवळजवळ कधीच दिसत नाही: काम मध्येच फसलं तरी कशाची हमी राहते? इथे ती अशी, की काहीही झालं तरी आधीपासून रांगेत असलेल्यांचा क्रम बदलत नाही. ही एक ओळ तुमच्या डेटाबेसवाल्याला वाचून दाखव. त्याला लगेच काम लागेल.

यूज केसची कल्पना मांडणारे इव्हार याकॉबसन स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजच्या सिस्टिमवर काम करत होते. फोन लावणं ही गोष्ट एका वाक्यात सांगता येते. पण समोरची लाइन व्यस्त असते, कुणी उचलत नाही, लावणारा अर्धा नंबर फिरवून ठेवून देतो. एक्स्चेंजसाठी हे सगळं रोजचंच. १९८७ साली त्यांनी ही कल्पना एका परिषदेत मांडली, १९९२च्या त्यांच्या पुस्तकानंतर ती सगळीकडे पोचली आणि १९९७ साली यूएमएल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायची ठरावीक चिन्हभाषा, प्रमाण म्हणून स्वीकारलं गेलं तेव्हा तिची आकृती त्यात आली. ती लंबवर्तुळं आणि काडीची माणसं तुम्ही काढली असतीलच. पण लंबवर्तुळात फक्त नाव मावतं. वर्णन कसं लिहायचं याचा ठरलेला साचा यूएमएलने दिलेलाच नाही. म्हणून 'फॉरमॅट बरोबर आहे' या शाबासकीवर समाधान मानू नकोस. एका यूज केसचा दुसऱ्याशी संबंध दाखवणारे 'इन्क्लूड' आणि 'एक्स्टेंड'चे बाण कुठल्या दिशेला काढायचे यावर व्हायवात वेळ जाईल तेवढा जाऊ दे, तू स्वतः त्यात फार अडकू नकोस.

माझी एक गोष्ट सांगते. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी सिस्टिम अ‍ॅनालिस्ट होते. एका रुग्णालयाच्या अपॉइंटमेंटच्या सिस्टिमवर मी 'रुग्ण अपॉइंटमेंट रद्द करतो' हा यूज केस लिहिला. छान लिहिला होता, पर्यायी प्रवाहांसकट. सिस्टिम चालू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एक डॉक्टर अचानक रजेवर गेले. डॉक्टरांच्या बाजूने रद्द करायची सोयच सिस्टिममध्ये नव्हती, कारण तसा यूज केसच मी लिहिला नव्हता. रिसेप्शनवरच्या मुलीने मग एकेका रुग्णाच्या नावाने, जणू त्यांनीच रद्द केली आहे अशा नोंदी केल्या. कुणालाच निरोप गेला नाही. दूरवरून आलेली माणसं बाकांवर ताटकळत बसली. ते बाक मी स्वतः जाऊन पाहिले आणि ते आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. मी डॉक्टरांशी बोलले होते, व्यवस्थापनाशीही बोलले होते. रिसेप्शनवरच्या मुलीला मात्र एकदाही विचारलं नव्हतं. तिला हे पहिल्या दिवशीच सांगता आलं असतं.

आता करिअर. बिझनेस अ‍ॅनालिस्ट, सिस्टिम अ‍ॅनालिस्ट, पुढे प्रॉडक्ट ओनर (उत्पादनात आधी काय हवं ते ठरवणारा), या सगळ्या कामांचा गाभा हाच: लोकांचं ऐकायचं, त्यांच्या बोलण्यातलं न सांगितलेलं शोधायचं आणि कोड लिहिणाऱ्याला शंका उरणार नाही असं लिहायचं. टेस्टिंगचा रस्ताही तुझ्यासाठी खुला आहे, कारण तुझा प्रत्येक पर्यायी प्रवाह ही एक टेस्ट केसच आहे. तुला कुणीतरी सांगेल की अ‍ॅजाइलमध्ये (सॉफ्टवेअर थोडं थोडं करत नेण्याच्या पद्धतीत) आता यूज केस कुणी लिहीत नाही, वापरणाऱ्याला काय हवं ते सांगणाऱ्या दोन ओळींच्या यूजर स्टोरी लिहितात. अनेक टीममध्ये तसंच आहे. पण त्या स्टोरीखालचे स्वीकृतीचे निकष, म्हणजे काम पूर्ण झालं असं कधी मानायचं त्या अटी, लिहायला बसलीस की '४अ चं काय?' हाच प्रश्न समोर येतो. कुणी असंही म्हणेल की हे सगळं एआय मिनिटभरात लिहून देतं. फॉरमॅट देतं, हो. तुझा पहिला यूज केस त्याने जसाच्या तसा लिहिला असता. रिसेप्शनवरच्या मुलीशी बोलायला मात्र कुणाला तरी जावंच लागतं.

कोडिंग सोडू नकोस. रोजगारासाठी ते करावं लागलं नाही तरी दुसऱ्याचा कोड वाचता येणं, डेटाबेसमधून माहिती काढणारी एसक्यूएल क्वेरी स्वतः लिहून माहिती तपासता येणं याने तुझ्या शब्दाला टीममध्ये वजन येतं. ज्या अ‍ॅनालिस्टला हे जमत नाही, त्याला डेव्हलपर 'होत नाही' म्हणाला की मान डोलवावी लागते.

सर्टिफिकेटसाठी आत्ता पैसे घालू नकोस. आयआयबीए या बिझनेस अ‍ॅनालिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची ईसीबीए ही प्रवेशपातळीची परीक्षा अनुभवाशिवाय देता येते, पण त्याच संस्थेच्या सीबीएपी या वरच्या पातळीच्या परीक्षेसाठी गेल्या दहा वर्षांतला ७५०० तासांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. वजन कशाला आहे ते यावरून दिसतंच. वर्षभर काम कर, मग ठरव.

मुलाखतीत "डॉक्युमेंटेशन केलं" हे वाक्य उच्चारू नकोस. ते खरं असलं तरी अपुरं आहे. त्याऐवजी सांग, "आमच्या सिस्टिममध्ये आरक्षित पुस्तक परत आल्यावर शेल्फवर जात होतं. यूज केस लिहिताना ते माझ्या लक्षात आलं आणि परतीचा प्रवाह आम्ही बदलला." पण हे सांगण्याआधी ते खरोखर करावं लागेल. चौदापैकी फक्त आरक्षण, देणं आणि परत घेणं हे तीन पुन्हा लिही. बाकीचे तसेच राहू देत.

आणि लिहिण्याआधी एक दुपार ग्रंथालयाच्या काउंटरशेजारी बस. परवानगी काढून, वही घेऊन. "सिस्टिममध्ये काय काय हवं?" असं विचारू नकोस, त्याला कुणीच नीट उत्तर देत नाही. विचार, "मागच्या वेळी आरक्षणावरून वाद झाला तेव्हा काय झालं होतं?" काउंटरवरच्या माणसाच्या खणात चिठ्ठ्या असतील, एखादी जुनी वही असेल, पुस्तकात खोचलेला कागद असेल. त्यावर काय लिहिलंय ते उतरवून घे. जे कागदावर लिहून ठेवावं लागतंय, ते आत्ताच्या पद्धतीत कुठेच बसत नाहीये, आणि तुझे पर्यायी प्रवाह तिथेच सापडतील.

'परत घेणे' नव्याने लिहून झाला की मला पाठव. रांगेतल्या पहिल्या सभासदाला निरोप गेला पण तो पुस्तक न्यायला आलाच नाही, तर तू काय करतेस, ते मला वाचायचं आहे.