एक तारीख, अनेक देश : १५ ऑगस्टविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. स्वातंत्र्यदिन जवळ आला की दरवर्षी भ्रमणध्वनीवर एक यादी फिरू लागते. भारताप्रमाणेच दक्षिण कोरिया, उत्तर कोरिया, बहारीन, काँगो आणि लिश्टेनस्टाइन हे पाच देशही १५ ऑगस्टलाच स्वतंत्र झाले, असे तिच्यात म्हटलेले असते. ही माहिती शाळेच्या फलकावर लिहावी का? इतक्या देशांची तारीख एकच असणे हा निव्वळ योगायोग मानायचा का?
– एक शिक्षिका, कराड

उत्तर : यादी फलकावर अवश्य लिहावी, मात्र एका नावाबाबत दुरुस्ती करून आणि दोन नावांपुढे खुलासा जोडून. त्याआधी आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू, कारण तो अधिक मोलाचा आहे. यादीतली काही नावे एकमेकांशी खरोखर जोडलेली आहेत आणि काही केवळ शेजारी येऊन बसली आहेत. विद्यार्थ्यांना हा फरक समजला तर नुसत्या यादीपेक्षा त्यांच्या पदरात पुष्कळ जास्त पडेल.

जोडलेल्या नावांचा धागा १५ ऑगस्ट १९४५ च्या दुपारपासून सुरू होतो. त्या दिवशी बारा वाजता जपानचे सम्राट हिरोहितो यांचे ध्वनिमुद्रित भाषण आकाशवाणीवरून प्रसारित झाले आणि युद्ध थांबल्याचे जपानी जनतेने प्रथमच आपल्या सम्राटाच्या आवाजात ऐकले. त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये १४ ऑगस्टची रात्र चालू होती आणि शरणागतीच्या दस्तऐवजावर प्रत्यक्ष सह्या २ सप्टेंबरला टोकियोच्या उपसागरात उभ्या असलेल्या युद्धनौकेवर झाल्या. त्यामुळे ब्रिटनने विजयदिन म्हणून १५ ऑगस्ट धरला, तर अमेरिकेने २ सप्टेंबर. एकाच घटनेला दोन मित्रराष्ट्रांनी दोन तारखा दिल्या, हेही वर्गात आवर्जून सांगण्याजोगे आहे.

कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. त्याच्यासाठी ती दुपार म्हणजे पस्तीस वर्षांच्या परकीय सत्तेचा शेवट होता. दक्षिण कोरियात या दिवसाला ‘ग्वांगबोकजोल’ म्हणतात. प्रकाश परत मिळाल्याचा दिवस, असा त्या नावाचा आशय आहे. पुढे १९४८ साली दक्षिण कोरियाच्या प्रजासत्ताक शासनाची घोषणाही ठरवून याच तारखेला करण्यात आली. उत्तर कोरिया हाच दिवस पितृभूमीच्या मुक्तीचा दिवस म्हणून पाळतो. देशाची फाळणी झाली, युद्ध झाले, तरीही हा सण दोन्ही बाजूंना उरला. जपानमध्ये त्याच दिवशी टोकियोच्या बुदोकान सभागृहात युद्धातील मृतांच्या स्मरणाचा शासकीय कार्यक्रम होतो आणि दुपारी बारा वाजता सगळे निःशब्द उभे राहतात. कोशिएन मैदानावर चालू असलेले शालेय बेसबॉलचे सामनेही तेवढ्यापुरते थांबतात. एका देशाच्या मुक्तीचा क्षण दुसऱ्याच्या शोकाचा क्षण कसा असतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी तारीख मला तरी माहीत नाही.

भारताची तारीख याच धाग्यावर येते. ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली यांनी २० फेब्रुवारी १९४७ रोजी सत्तांतरासाठी जून १९४८ पर्यंतची मुदत जाहीर केली होती. लॉर्ड माउंटबॅटन यांनी ती अलीकडे ओढली आणि जूनच्या आरंभी दिल्लीतील पत्रकार परिषदेत १५ ऑगस्टचा उल्लेख केला. महायुद्धात ते आग्नेय आशियातील मित्रराष्ट्रांच्या सेनांचे सर्वोच्च सेनापती होते. जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षे पूर्ण होत होती, म्हणून आपण ती तारीख निवडली, असे त्यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितले. हे त्यांचे स्वतःचे आणि उत्तरकालीन कथन आहे, याची नोंद ठेवावी. घाईची खरी कारणे राजकीय आणि प्रशासकीय होती. त्या घाईत नेमका कोणता दिवस धरला, एवढेच या कथनावरून कळते. तरीही सेऊलमधील ध्वजारोहण आणि लाल किल्ल्यावरील ध्वजारोहण यांचा दुवा यामुळे खराखुरा ठरतो, आणि तो आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो, याची मला खंत वाटते.

याच ओघात पाकिस्तानचाही उल्लेख करावा लागेल. १८ जुलै १९४७ रोजी संमत झालेल्या भारतीय स्वातंत्र्य कायद्यानुसार दोन्ही देश १५ ऑगस्टपासूनच अस्तित्वात आले. जीना यांनीही आपल्या आकाशवाणीवरील संदेशात १५ ऑगस्ट हाच पाकिस्तानचा जन्मदिन असल्याचे म्हटले होते. १४ ऑगस्ट पाळण्याची पद्धत १९४८ पासूनची आहे.

काँगोचे नाव बरोबर आहे, परंतु कोणता काँगो, ते लिहायलाच हवे. ब्राझाव्हिल ही ज्याची राजधानी आहे, तो काँगो १५ ऑगस्ट १९६० रोजी फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. नदीच्या पलीकडचा, किन्शासा राजधानी असलेला काँगो त्याच वर्षी ३० जूनला बेल्जियमपासून स्वतंत्र झाला होता. ब्राझाव्हिलच्या तारखेचा जपानशी किंवा भारताशी काहीही संबंध नाही. त्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या वसाहती ओळीने मुक्त होत होत्या : १ तारखेला दाहोमे (आजचा बेनिन), ३ ला नायजर, ५ ला अपर व्होल्टा (आजचा बुर्किना फासो), ७ ला आयव्हरी कोस्ट, ११ ला चाड, १३ ला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, १५ ला काँगो आणि १७ ला गॅबन. सतरा दिवसांत आठ देश! या रांगेत काँगोच्या वाट्याला १५ तारीख आली, इतकेच.

बहारीनने १९७१ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनचे संरक्षण संपवले आणि १५ ऑगस्टला नव्या मैत्रीकरारावर सही झाली. तेथे राष्ट्रीय दिन मात्र १६ डिसेंबरला साजरा होतो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाचे आईवडील तिकडे नोकरीला असतील, तर ऑगस्टमध्ये ते फक्त भारताच्या ध्वजारोहणाला जातात, हे ती मुले स्वतःच सांगतील. काँगोप्रमाणे या नावापुढेही खुलासा हवा.

दुरुस्ती हवी आहे ती लिश्टेनस्टाइनबाबत. १५ ऑगस्ट हा त्याचा राष्ट्रीय दिन आहे, स्वातंत्र्यदिन नव्हे. ‘१८६६ साली जर्मनीपासून स्वातंत्र्य’ हे यादीतले वाक्य तर मुळातच चुकीचे आहे, कारण त्या वर्षी जर्मनी नावाचे एकसंध राष्ट्रच नव्हते. ते १८७१ साली निर्माण झाले. १८६६ साली मोडला तो जर्मन राज्यांचा संघ, आणि लिश्टेनस्टाइन १८०६ पासूनच सार्वभौम मानले जात होते. मग १५ ऑगस्ट कुठून आला, याचे उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न : आमच्या घरी १५ ऑगस्टला सकाळी ध्वजवंदन आणि मग चर्चमध्ये पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा, असा क्रम असतो. माझा भाऊ जहाजावर नोकरी करतो. त्याचे सर्बियन सहकारी हाच सण २८ ऑगस्टला पाळतात, असे तो सांगतो. एकाच सणाच्या दोन तारखा कशा? आणि या सणाचा देशोदेशींच्या राष्ट्रीय दिवसांशी काही संबंध आहे का?
– एक वाचक, वसई

उत्तर : आपल्या भावाचे सहकारीही १५ ऑगस्टच पाळतात, त्यांचे पंचांग तेवढे वेगळे आहे. सर्बिया आणि रशिया येथील ऑर्थोडॉक्स चर्च धार्मिक सणांसाठी जुने ज्युलियन पंचांग वापरते. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दुरुस्त केलेल्या आणि आज जगभर चालणाऱ्या पंचांगाच्या तुलनेत ते सध्या तेरा दिवस मागे आहे. त्यामुळे त्यांच्याकडे १५ ऑगस्ट उजाडतो, तेव्हा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत २८ तारीख असते. ग्रीसच्या चर्चने अशा स्थिर सणांपुरते सुधारित पंचांग स्वीकारले, म्हणून तेथील तिनोस बेटावरची मोठी यात्रा आपल्याप्रमाणे १५ तारखेलाच भरते.

राष्ट्रीय दिवसांशी या सणाचा संबंध आहे, आणि लिश्टेनस्टाइन हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्या लहानशा संस्थानात या सणाची सुट्टी पूर्वीपासून होती. तत्कालीन राजे दुसरे फ्रान्झ योझेफ यांचा वाढदिवस १६ ऑगस्टला येई. दोन्ही निमित्ते शेजारी असल्याने १९४० पासून १५ ऑगस्ट हाच राष्ट्रीय दिन ठरला आणि राजांच्या निधनानंतरही तो तसाच ठेवण्यात आला. कॅनडाच्या पूर्व भागातील फ्रेंचभाषक अकेडियन समाजानेही १८८१ साली मेमरॅमकुक येथील अधिवेशनात स्वर्गोन्नयनाचा सण आपला राष्ट्रीय दिन म्हणून मुद्दाम निवडला. नेपोलियनचा जन्म याच तारखेचा (१७६९); सत्तेवर असताना त्याने मात्र मरियेच्या सणाशेजारी ‘संत नेपोलियन’ नावाचा स्वतःचा सण बसवला, जो त्याच्या साम्राज्याबरोबरच लयाला गेला.

आपण वसईचे आहात, म्हणून गोव्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो सत्याग्रही भारताचा स्वातंत्र्यदिन म्हणून तीच तारीख निवडून पोर्तुगीज हद्दीत शिरले. त्यांत महाराष्ट्रातून गेलेले पुष्कळ होते. पोर्तुगीजांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. त्याच दिवशी गोव्याच्या चर्चमध्ये आपण पाळता तोच सण होता. आपल्या घरात ध्वजवंदन आणि मिस्सा यांचा क्रम आज सहज जुळतो. गोव्यातल्या भाविकाला तो उघडपणे जुळवता येण्यासाठी १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

प्रश्न : अलीकडे पारशी नवरोजही १५ ऑगस्टलाच येतो. तो कायमचा याच तारखेला असतो का?
– एक वाचक, दादर

उत्तर : नाही. मुंबईतील बहुसंख्य पारशी ज्या शहेनशाही पंचांगाप्रमाणे नवे वर्ष धरतात, त्यात वर्षाचे दिवस नेमके ३६५ असतात आणि लीप वर्षाचा जादा दिवस घेतला जात नाही. त्यामुळे आपल्या दिनदर्शिकेत हा नवरोज दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे सरकतो. २०२० ते २०२३ या काळात तो १६ ऑगस्टला होता आणि २०२४ पासून १५ ला आला आहे. १९४७ साली तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होता. २०२७ पर्यंत ध्वजारोहण आणि नवरोज एकाच सकाळी येतील. २०२८ साली नवरोज १४ ऑगस्टला असेल.