दहावीनंतर कंपनीत ‘शिकायला’ पाठवताय? आधी करार बघा

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहावीला ५८ टक्के पडले. अभ्यासात मन नाही, पण मिक्सर, पंप, मोटारसायकल, काहीही उघडून बसतो आणि बहुतेक वेळा परत जोडतोही. आम्ही शिरोली एमआयडीसीजवळ राहतो. ओळखीतला एक ठेकेदार म्हणतो, “माझ्याकडे द्या. फौंड्री, मशिन शॉप, दोन्हीकडे काम आहे. अप्रेंटिसच समजा. बारा तास ड्यूटी, महिना नऊ हजार.” मिस्टर म्हणतात पाठवू. मी म्हणते अकरावी सायन्स करू दे. घरात रोज वाद होतोय. काय करावं?
– एक आई, कोल्हापूर

ताई, ठेकेदाराला एवढंच विचारा : शिकाऊ उमेदवारीचा, म्हणजे अप्रेंटिसशिपचा, करार कुठल्या कंपनीबरोबर होणार, आणि त्यावर पालक म्हणून आमची सही कधी घेणार? मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकाच्या सहीशिवाय हा करार होतच नाही. “सही वगैरे काही लागत नाही हो, उद्यापासून येऊ दे” असं उत्तर आलं, तर ती शिकाऊ उमेदवारी नव्हे. ते स्वस्तातलं मनुष्यबळ आहे.

आपल्याकडे यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला त्याखाली घेता येतं, पण धोकादायक उद्योगांत अठरा पूर्ण लागतात. फौंड्री कारखान्यांच्या कायद्यातल्या धोकादायक कामांच्या यादीत आहे. वितळलेलं लोखंड, वाळूची धूळ, फेटलिंगचं (ओतीव भाग साफ करण्याचं) ग्राइंडिंग तुम्ही शिरोलीत राहून पाहिलंच असेल. म्हणजे ठेकेदाराच्या बोलण्यातला अर्धा भाग तिथेच बाद होतो. रात्रपाळीही सोळा वर्षांच्या मुलाला लावता येत नाही.

आता नऊ हजारांचं बघू, कारण मिस्टरांचं मन तिथे अडकलेलं दिसतं आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. महिन्याला २६ दिवस, रोज बारा तास म्हणजे ३१२ तास. तासाला पडले २९ रुपयेसुद्धा नाहीत. २०१९ च्या नियमांनी दहावी पास शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन ६,००० ठेवलं. रोज आठ तासांनी २०८ तास, तिथेही तासाला तेवढेच. ठेकेदार जे तीन हजार जास्त देतोय, ते रोजच्या चार जादा तासांचे आहेत. शिकाऊ उमेदवाराला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. शिवाय कायद्यातल्या उमेदवाराला दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ मिळते. कामावर दुखापत झाली तर कामगारासारखीच भरपाई मिळते. शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र असतं. ठेकेदाराकडचा मुलगा ना धड शिकाऊ, ना धड कामगार. शिकाऊ म्हणावं तर करार नाही, कामगार म्हणावं तर पीएफ-ईएसआय नाही.

खरा करार ओळखायला सोपा आहे. तो केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला असतो, त्याला क्रमांक असतो आणि ट्रेडचं, म्हणजे शिकायच्या कामाचं, नाव लिहिलेलं असतं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत असेल तर विद्यावेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्राकडून थेट मुलाच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात येतो. सगळे पैसे ठेकेदाराच्या हातून रोखीत येणार असतील, तर काय ते समजा. शंका राहिली तर सरकारी आयटीआयमध्ये जाऊन बीटीआरआय केंद्राची (शिकाऊ उमेदवारांचं मूलभूत प्रशिक्षण पाहणाऱ्या केंद्राची) चौकशी करा. जिल्ह्यातली शिकाऊ उमेदवारी तिथूनच पाहिली जाते. तीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, अडीच ते पंधरा टक्के. त्यामुळे कोणती कंपनी कोणत्या ट्रेडला घेते हे त्यांना माहीत असतं.

मग आत्ताच, सोळाव्या वर्षी, करार करून पाठवावं का? दारं आहेत, पण थोडी. मुंबईत माझगाव डॉक आठवी आणि दहावी पास मुलांसाठी वेगवेगळ्या गटांत जाहिरात काढतं. आठवीच्या गटात रिगर (अवजड सामान बांधून उचलणारा), वेल्डर, दहावीच्या गटात फिटर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड असतात. परीक्षा देऊन निवड होते. जाहिरात आली तर जरूर अर्ज करा, फक्त मुंबईत राहायची सोय नातेवाइकांकडे नसेल तर विद्यावेतन खोली-खानावळीतच जाईल. खासगी कंपन्यांचं म्हणाल, तर बऱ्याच जणांना अठरा पूर्ण आणि आयटीआय झालेलाच मुलगा हवा असतो. अगदी नवख्याला आधी मूलभूत प्रशिक्षण द्यावं लागतं, ती कटकट त्यांना नको असते.

म्हणून माझं मत : आयटीआय, दोन वर्षं, मशिनिस्ट किंवा टर्नर. तुमचा मुलगा बाहेर पडेल तेव्हा अठराचा असेल, आणि आज वयामुळे बंद असलेली सगळी दारं त्याच वेळी उघडतील. त्यानंतर एखाद्या चांगल्या मशिन शॉपमध्ये वर्षभराची शिकाऊ उमेदवारी, २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान ७,००० वर. त्या वर्षात तो काय शिकतो यावर पुढचा पगार ठरतो. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर, जॉब लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा, एवढंच करणारी मुलं पाच वर्षांनीही तिथेच असतात. ड्रॉइंग वाचून, मायक्रोमीटर धरून, ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) देऊन मशिन सेट करणाऱ्याला कंपनी सहज सोडत नाही. म्हणून कंपनीत गेल्यावर विचारायचं ते हेच : सेटिंग शिकवणार का, की फक्त प्रॉडक्शन? नोकरीची हमी मात्र कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. शिकाऊ उमेदवाराला कायम करायचं बंधन कंपनीवर नाही.

अकरावी सायन्सबद्दल स्पष्ट लिहितो, रागावू नका. हात चालणाऱ्या, पुस्तकाला कंटाळणाऱ्या मुलाला दोन वर्षं क्लासच्या फीमध्ये घालायची आणि बारावीनंतर पुन्हा हाच प्रश्न घेऊन बसायचं, हे मला पटत नाही. आयटीआयने पुढचं शिक्षण बंद होतं ही तुमची भीती असेल, तर तसं नाही. दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, आणि डिप्लोमावरून इंजिनीअरिंगला. पैशाची ओढ फारच असेल तर आयटीआयच्या सुट्टीत ओळखीच्या गॅरेजमध्ये चार तास जाऊ दे.

एक गोष्ट खटकली. पत्रात तुमचं मत आहे, मिस्टरांचं आहे, ठेकेदाराचं तर शब्दशः आहे. मुलाचं नाही. त्याला एखाद्या दिवशी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये घेऊन जा आणि लेथपाशी, वेल्डिंगच्या बूथपाशी उभं करा. कशाजवळ तो रेंगाळतो ते बघा. वेल्डिंगपाशी रेंगाळला तर माझा मशिनिस्टचा सल्ला बाजूला ठेवा.

आयटीआयचे प्रवेश ऑनलाइन होतात. विकल्प भरताना घाई करू नका, कारण पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांत मग नाव राहत नाही. पहिल्या क्रमांकावर तोच ट्रेड आणि तेच आयटीआय टाका जिथे तो खरंच जाणार आहे. दाखल्यांची जुळवाजुळव आजपासून सुरू करा, जातीच्या दाखल्याला वेळ लागतो.