पहिलं प्रवाळ विणताना

अनेकींनी क्रोशेने विणलेली प्रवाळं जोडून उभ्या राहणाऱ्या प्रवाळभिंतीत सहभागी होतेयस, फार आनंद झाला. मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी २००५ मध्ये हे काम सुरू केलं. ग्रेट बॅरियर रीफ ही तिथल्या समुद्रातली खरी प्रवाळभिंत पाणी तापल्याने पांढरी पडत चालली होती, त्याची ती तळमळ.

सुरुवात छोट्या साखळीने कर. मग दर तीन टाक्यांनंतर पुढच्या एकाच घरात दोन टाके घाल आणि हे प्रमाण शेवटपर्यंत मोडू नकोस. पाच-सहा ओळींनंतर कड आपोआप चुण्या घेऊ लागते. दर टाक्याला वाढवलंस तर गच्च कोबीसारखा गड्डा होईल, सहा टाक्यांनी वाढवलंस तर संथ लाट. ही हायपरबोलिक भूमिती, म्हणजे कडेकडे पसरत जाऊन चुण्या पडणाऱ्या पृष्ठभागाची भूमिती, क्रोशेत प्रथम उतरवली डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी, १९९७ मध्ये.

लोकर मऊ नको, ॲक्रिलिकच घे आणि सुई नेहमीपेक्षा एक नंबर बारीक, म्हणजे प्रवाळ ताठ उभं राहतं. जुन्या प्लास्टिक पिशव्यांच्या पट्ट्याही चालतात. त्या बहिणींनी प्लास्टिकची वेगळी भिंतच उभारली आहे.

पहिलं जमलं की पुढे नमुना तंतोतंत उतरवायच्या मागे लागू नकोस. प्रमाण मध्येच बदलून बघ, खऱ्या प्रवाळातही दोन फांद्या सारख्या नसतात. जर्मनीतल्या बाडेन-बाडेनच्या २०२२ च्या प्रदर्शनात हजारो हातांनी विणलेली प्रवाळं एकत्र होती. तुझं झालं की धागा नीट आत ओवून पाठव, जोडताना तेवढंच बघतो आम्ही.