हॉकी इंडिया नेमकं काय करतं? शाळेकडून खेळणाऱ्या मुलीला तिथे रजिस्ट्रेशन करावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीत आहे, शाळेकडून विभागीयपर्यंत खेळली, आता ग्राउंडवर कोणीतरी म्हणालं की हॉकी इंडियाचं रजिस्ट्रेशन नसेल तर पुढे काही नाही, म्हणून तुम्ही गोंधळलाय. मी स्वतः युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलोय आणि नंतर बरीच वर्षं मुलींच्या टीमसोबत मॅनेजर म्हणून फिरलोय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, हॉकी इंडिया दिल्लीत बसून तुमच्या मुलीला बघायला येत नाही. ती देशातल्या हॉकीचा कारभार बघणारी संघटना आहे आणि तिचे सभासद म्हणजे खेळाडू नव्हेत, राज्य संघटना. आपल्याकडे हॉकी महाराष्ट्र, गोव्याची वेगळी, शिवाय रेल्वे, सर्व्हिसेस (सैन्यदलं), पेट्रोलियम अशा नोकरी देणाऱ्या संस्थांचीही युनिटं आहेत. राज्य संघटनेखाली जिल्हा संघटना. नाव खालून वर जातं, जिल्हा पाठवतो राज्याला आणि राज्य ते हॉकी इंडियाच्या पोर्टलवर चढवतं, मग मुलीला आयडी नंबर मिळतो. मधली एक कडी ढिली असली की पोरगी कितीही चांगली असो, तिचं नाव वर पोचतच नाही. आमच्या घरातच झालंय हे, मुलीचे कागद मी स्वतः नेऊन दिले होते पण जिल्ह्याच्या माणसाने ते मुदतीत पुढे पाठवलेच नाहीत आणि तिचं सब-ज्युनियरचं, म्हणजे सगळ्यात लहान वयोगटाचं, एक अख्खं वर्ष गेलं. त्या वयात एक वर्ष म्हणजे फार असतं हो. तेव्हापासून मी प्रत्येक आईबापाला सांगतो, कागद देऊन घरी येऊ नका, आयडी नंबर हातात आला का ते विचारत राहा.

आता शाळेचं. शालेय स्पर्धा, नेहरू कप वगैरे हे सगळं जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत चालतं, ती सरकारी लाइन. असोसिएशनची लाइन वेगळी, तिच्यात सब-ज्युनियर, ज्युनियर, सीनियर अशा नॅशनल होतात. दोन्ही खेळता येतात आणि दोन्ही खेळाव्यात, कारण शालेय सर्टिफिकेट ग्रेस मार्कांना आणि नोकरीला कामी येतं पण इंडिया कॅम्पची निवड करणारे लोक मुख्यतः असोसिएशनच्या नॅशनलला बसलेले असतात. तिसरा दरवाजा म्हणजे क्रीडा प्रबोधिनी, राज्य सरकारची निवासी प्रशिक्षण संस्था. फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारताच्या टीमपर्यंत गेल्या, तेव्हा गावाकडच्या मुलीला रस्ताच नाही असं कृपा करून मनात आणू नका.

नॅशनलला काय बघतात ते सांगतो. मॅचच्या आधी मॅनेजर मीटिंग असते, टेबलावर दोन रंगांच्या जर्सी मांडायच्या, एक गडद एक फिकी, गोलकीपरची तिसरी, आणि टेक्निकलचा माणूस एकेक आयडी उचलून फोटो आणि नाव ताडून बघतो. एका वर्षी आमच्या एका मुलीच्या जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग आणि आधारवरचं स्पेलिंग वेगळं निघालं, एका अक्षराचा फरक, रात्री साडेदहापर्यंत मी फोन करत होतो आणि ती पोरगी किट घालूनच बाकावर बसली होती. तुम्ही हे आत्ताच तपासून घ्या.

नॅशनलमधून निवडक मुलींना कॅम्पला बोलावतात. सीनियरचा कॅम्प साधारणपणे बेंगळुरूच्या साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) सेंटरला, तिथे तीसेक जणी असतात, त्यातून दौऱ्याला अठरा आणि ऑलिम्पिकला फक्त सोळा. कोच, परदेश दौरे, कॅम्प यांचा मोठा खर्च क्रीडा मंत्रालय साईमार्फत देतं, आणि २०१८ पासून ओडिशा सरकार दोन्ही राष्ट्रीय टीमचं स्पॉन्सर आहे, ते आता २०३६ पर्यंत वाढवलंय. एखादं राज्य सरकार देशाच्या टीमला पोसतंय ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे. भुवनेश्वरला २०१८ चा वर्ल्ड कप झाला, २०२३ चा भुवनेश्वर आणि राऊरकेलात, आणि टोकियो, पॅरिस दोन्हीकडे मुलांना ब्राँझ आलं.

हे सगळं आधी असं नव्हतं. पुरुषांची जुनी फेडरेशन १९२५ ची, आणि बायकांची वेगळी. २००८ मध्ये चिलीत ऑलिम्पिकच्या पात्रता स्पर्धेत ब्रिटनकडून हरलो आणि १९२८ पासून पहिल्यांदा आपली पुरुषांची टीम ऑलिम्पिकलाच गेली नाही, मला ती सकाळ अजून आठवते, ग्राउंडवर कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पुढच्याच महिन्यात निवडीसाठी पैसे घेण्याचं प्रकरण टीव्हीवर आलं आणि फेडरेशन निलंबित झाली. मग २००९ ला हॉकी इंडिया, दोघांसाठी एकच. तिथेही सगळं सरळ चाललं नाही, काही पदं आजीव करून ठेवली होती, त्याविरुद्ध माजी हॉकीपटू अस्लम शेर खान कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती बेकायदा ठरवून प्रशासक बसवले. त्यानंतरच्या निवडणुकीत दिलीप तिर्की अध्यक्ष झाले, माजी कॅप्टन, स्वतः फुलबॅकला, म्हणजे बचावफळीत, खेळलेला माणूस. मला याचा मनापासून आनंद झाला, कारण टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) पाय भाजलेल्या माणसाला खेळाडूचं दुखणं वेगळं सांगावं लागत नाही.

पण दिल्ली सुधारली म्हणून तुमचा जिल्हा आपोआप सुधारत नाही. मुरमाच्या ग्राउंडवर शिकलेली मुलगी थेट नॅशनलला टर्फवर उतरते तेव्हा बॉल तिच्या स्टिकखालून निघून जातो, दोन मॅच जाईपर्यंत तिला तो वेगच कळत नाही. म्हणून महिन्यातून दोन रविवार का होईना तिला टर्फवर न्या, पिंपरीच्या नेहरूनगरला किंवा तुम्हाला जवळ पडेल तिथे, आणि टर्फचे शूज वेगळे घ्या. आणि या आठवड्यात जिल्हा संघटनेच्या सेक्रेटरीला भेटून तीनच प्रश्न विचारा: आमच्या जिल्ह्याची संलग्नता चालू आहे का, सब-ज्युनियरची ट्रायल कधी आहे, आणि पोर्टलवर नाव चढवायची शेवटची तारीख कोणती. तारीख लिहून घ्या, फॉर्मच्या झेरॉक्सवर पोच म्हणून त्यांची सही घ्या.