ऑफर लेटर, प्रोलॉग आणि तुम्ही केलेला तो फोन

सिंहगड रोडवरून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी पुण्यातच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, सीजीपीए ८.९, हिंजवडीतल्या कंपनीची कॅम्पस ऑफर हातात. ती म्हणते, नोकरी नको, लॉजिक प्रोग्रॅमचं विश्लेषण आणि ऑप्टिमायझेशन या विषयात संशोधन करायचंय. वडील लिहितात: "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पीएमपीच्या बसथांब्यांचा कसलासा प्रोग्रॅम करत बसते. प्रोलॉग ही मेलेली भाषा आहे, आमच्या ऑफिसातल्या पोरांनी नावही ऐकलेलं नाही. मी तिच्या गाईडना फोन करून विषय बदलायला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. घराचा हप्ता आहे, धाकट्याची बारावी आहे. तिला समजवा आणि एखादी परीक्षा सुचवा."

नमस्कार.

सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट तुम्ही जोडल्यात. त्यात काळजीचं काहीच नाही. मी अडकलो तो फोनच्या वाक्यापाशी. तुमची मुलगी एकवीस वर्षांची आहे. गाईडसमोर बसून स्वतःचं म्हणणं कसं मांडायचं, हे ती वर्षभर शिकते आहे. तिला न सांगता तुम्ही त्याच माणसाला फोन केलात. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या केबिनमध्ये कशी गेली असेल? तो फोन तुम्ही करायला नको होता. ती बोलत नाही याचं कारण प्रोलॉग नाही, तो फोन आहे.

आणखी एक गोष्ट. पत्र दीड पानाचं आहे. त्यात मार्क आहेत, पॅकेज आहे, ऑफिसातल्या पोरांचं मतसुद्धा आहे. तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. तिला हा विषय का आवडला, हे तुम्ही विचारलेलं दिसत नाही.

हप्त्याची आणि धाकट्याची काळजी खरी आहे, ती मी हलक्यात घेत नाही. पण मग तिला तेच सांगा. ‘दोन वर्षं मला तुझ्या पगाराचा हातभार लागेल’ असं वडिलांनी सरळ सांगितलं तर मुलं ऐकतात, स्वतःहून मार्गही काढतात. तुम्ही मात्र पैशाची अडचण झाकून तिच्या विषयालाच नावं ठेवलीत. जो विषय तुम्ही पाहिलेला नाही, त्याला ‘मेलेला’ म्हणालात. तिला ते लागलंय.

आता त्या ‘मेलेल्या भाषे’बद्दल. प्रोलॉग, म्हणजे लॉजिक प्रोग्रॅम लिहायची भाषा, १९७२ च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्से शहरात अलँ कोलमेरोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. त्यामागच्या विचाराची मांडणी रॉबर्ट कोवाल्स्की यांनी १९७९ मध्ये एका ओळीत केली: अल्गोरिदम म्हणजे लॉजिक अधिक कंट्रोल. काय खरं आहे ते माणसानं लिहायचं, उत्तर कसं शोधायचं ते यंत्रानं पाहायचं. संशोधन चालतं ते या ‘कसं’वर. तिच्या बसथांब्यांचंच बघा. नियम असा: स्वारगेटहून एखाद्या थांब्यापर्यंत जाता येत असेल आणि तिथून कोथरूडला थेट बस असेल, तर स्वारगेटहून कोथरूडला जाता येतं. माणसाला हे लगेच पटतं. प्रोलॉग मात्र पहिली अट वाचून ‘स्वारगेटहून कुठे जाता येतं?’ हाच प्रश्न स्वतःला पुन्हा विचारतं, मग पुन्हा, आणि कधीच थांबत नाही. अटींची अदलाबदल केली तरी बस परतही येते, म्हणून पुन्हा चक्र. एकदा विचारलेला प्रश्न लक्षात ठेवायची ‘टेबलिंग’ नावाची युक्ती लावली की तोच नियम व्यवस्थित थांबतो. दुसरी गोष्ट, फक्त स्वारगेटबद्दल विचारलं असताना शहरातल्या सगळ्या थांब्यांच्या जोड्या काढत बसायचं नाही. त्यासाठी नियम आधीच बदलून घेण्याची ‘मॅजिक सेट्स’ ही पद्धत १९८६ मध्ये पुढे आली. प्रोग्रॅम न चालवता त्याच्याबद्दल खात्रीनं सांगायचं शास्त्र पॅट्रिक आणि राधिया कुझो यांनी १९७७ मध्ये मांडलं. लॉजिक प्रोग्रॅम त्याच शास्त्रानं तपासतात, आणि एअरबस ए३४० च्या उड्डाण नियंत्रणाचं सॉफ्टवेअरही त्यानंच तपासलं गेलं. प्रोलॉगचीच धाकटी बहीण डेटालॉग, ती आज मोठमोठ्या कोडमधल्या सुरक्षेच्या चुका शोधायला वापरतात. तुमच्या ऑफिसात नाव ऐकलेलं नसणं आणि विषय संपणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिलाही एक सांगतो. नुसतं प्रोलॉग येतं म्हणून पुण्यात नोकरी मिळणार नाही. हे क्षेत्र लहान आहे आणि सगळं चांगल्या गाईडवर अवलंबून आहे. तिनं स्वतःला ‘प्रोग्रॅम अ‍ॅनालिसिस’ या, म्हणजे एकूणच प्रोग्रॅम तपासण्याच्या, मोठ्या घरात ठेवावं, लॉजिक प्रोग्रॅम ही त्यातली आवडती खोली. या कामासाठी फार लांब जायला नको: पुण्यातलं टीआरडीडीसी हे टाटांचं संशोधन केंद्र १९८१ मध्ये सुरू झालं आणि तिथे प्रोग्रॅम अ‍ॅनालिसिसवर काम झालं आहे. आयआयटी मुंबईतही हा विषय चालतो. लॉजिक प्रोग्रॅमिंगची आंतरराष्ट्रीय परिषद २००३ मध्ये मुंबईतच भरली होती.

परीक्षा विचारलीत म्हणून: गेट, त्यावर आयआयटीत एमटेक किंवा एमएस बाय रिसर्च. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा वेगळी असते. गेटवर एमटेकला महिना १२,४०० रुपये मिळतात, पीएचडीत जेआरएफ ही संशोधनवृत्ती असेल तर ३७,०००. म्हणजे शिक्षणाचा बोजा तुमच्यावर पडेलच असं नाही, पण हप्ताही त्यातून फिटणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. हप्त्याची ओढाताण खरोखर असेल तर तिनं नोकरी धरावी आणि गेट द्यावी. तो स्कोअर तीन वर्षं चालतो, विषय कुठे पळून जात नाही. ओढाताण नसेल, नुसतं ‘लोक काय म्हणतील’ असेल, तर ऑफर लेटर बाजूला ठेवा आणि तिला जाऊ द्या. यातलं नेमकं काय आहे ते मला नाही, तिला सांगायचंय, आकड्यांसकट, जेवणाच्या टेबलावर.

त्याआधी, फोन करणं चुकलं हे तिच्यापाशी कबूल करा. गाईडना पुन्हा फोन मात्र तुम्ही करू नका, त्यांच्याशी तिचं ती बोलेल. आणि एका रात्री ती लॅपटॉप उघडून बसली की शेजारी खुर्ची ओढून विचारा, तुझी ती बस स्वारगेटलाच का अडकते?